जुन्या थाटाचे लग्न आणि आजचा हिशेब
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



विवाहसमारंभातील खर्च या विषयावर चार शब्द बोलावे, अशी आज्ञा मंडळाने आम्हांस केली, तेव्हा हा विषय आपल्या संमेलनांतून इतक्या वेळा मांडला गेला आहे की त्यात नवे ते काय सांगावयाचे, असा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. ऋण काढून सण करू नये, हा उपदेश आपणांस तोंडपाठ आहे. वक्ता तो करतो, श्रोते माना डोलावतात आणि पुढील लग्नसराईत ज्याचे त्याचे लग्न ज्याच्या त्याच्या हौसेप्रमाणे पार पडते. म्हणून आज आम्ही उपदेशाची वाट सोडून हिशेबाची वाट धरणार आहो. आणि हा हिशेब मुलामुलींच्या हौसेला डावलून नव्हे, तर तिला सोबत घेऊनच मांडणार आहो.

अलीकडे एक बदल सर्वांच्या नजरेस आला असेल. आजच्या उपवर मुलामुलींना आजीच्या काळातील लग्न हवेसे वाटू लागले आहे. मुलीला नऊवारी हवी, नथ हवी, मोत्यांच्या मुंडावळ्या हव्यात. मुलाला धोतर, उपरणे आणि पगडी हवी. दारात सनई-चौघडा आणि जेवणाला पाटपाणी हवे. ही आवड पाहून आम्हांस मनापासून आनंद होतो. परंतु या आवडीचा बाजार व्हावयासही वेळ लागलेला नाही. 'पेशवाई थाट' या नावाखाली भाड्याची पालखी, भाड्याची अब्दागिरी, थर्मोकोलचा वाडा आणि कागदी फुलांचे तोरण यांची एकत्र किंमत सांगितली जाते. आणि ज्या लग्नात आजीच्या वडिलांनी घरचीच भांडी घासून काढली होती, त्या लग्नाची नक्कल करण्यासाठी नातीचे वडील कर्जाचा अर्ज भरतात. ही विपरीत गोष्ट कशी टाळावी, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

जुनी लग्ने सर्वच स्वस्त होती, असे मात्र कोणी समजू नये. चार-चार, पाच-पाच दिवस चालणारी लग्ने, जानवशावरील रुसवेफुगवे आणि वऱ्हाडाची सरबराई यांनी मुलीचा बाप बेजार होत असे. लग्नाच्या खर्चावरून लोकांना बोल लावण्याची रीतही जुनीच आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा झाला आणि त्याचे लोण आसपासच्या गावी पसरले, तेव्हा सरकारने चौकशी आयोग नेमला. लग्नातील उधळपट्टीमुळे शेतकरी कर्जात बुडतो, असे त्या वेळीही सर्रास बोलले जात होते. आयोगाने मात्र असे नमूद केले की, असा खर्च ऐपतीच्या मानाने जास्त असला तरी कर्जाचे कारण म्हणून त्याला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे. अन्न, बी-बियाणे, बैल आणि सारा यांसाठी पुनःपुन्हा घेतलेल्या लहान रकमाच कर्ज अधिक फुगवतात. हा निष्कर्ष आम्हांस उद्‌बोधक वाटतो. संसारात लग्न एखाद्याच वेळी येते. त्या वेळी माणसाने थोडा हात सैल सोडला तर तो गुन्हा नव्हे. परंतु ज्याच्या डोक्यावर घराचा आणि मुलांच्या शिक्षणाचा हप्ता आधीच आहे, त्याने लग्नासाठी आणखी एक हप्ता जोडला तर काय होते, ते पाहू. पाच लाख रुपये दर साल दर शेकडा बारा या व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर दरमहा सुमारे अकरा हजार एकशे रुपये भरावे लागतात आणि एकंदर व्याज एक लाख सदुसष्ट हजारांच्या घरात जाते. लग्नाच्या दिवशी लावलेली फुले दुसऱ्या दिवशी सुकतात. त्यांचा हप्ता मात्र नातवंड बालवाडीत जाईपर्यंत चालू राहतो.

तेव्हा पहिले काम यादी करण्याचे. आपल्याकडे 'याद्या करणे' हा विवाहातील एक संस्कारच मानला गेला आहे. दोन्हीकडची वडील मंडळी एकत्र बसत, कोणी काय करावयाचे ते कागदावर उतरे आणि त्यावर हळदकुंकू वाहिले जाई. कित्येक ठिकाणी याद्यांच्याच बैठकीत लग्न उरकून घेत आणि त्याला 'यादी पे शादी' असे गमतीने म्हणत. ही बैठक आपण पुन्हा खऱ्या अर्थाने भरवावी आणि वधूवरांनाही तीत बसवावे, कारण पुढील हप्ते बहुधा त्यांनाच फेडावयाचे असतात. कागदावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात पानामागे वाढणारा खर्च, म्हणजे जेवण, आहेर आणि जागेचा आकार. दुसऱ्यात माणसे कितीही आली तरी तोच राहणारा खर्च, म्हणजे गुरुजींची दक्षिणा, वाजंत्री आणि छायाचित्रकार. तिसऱ्यात लग्नानंतरही घरात उरणाऱ्या वस्तू, म्हणजे वस्त्रे, दागिने आणि भांडी.

असे रकाने आखले की खरा चोर लगेच सापडतो. पानामागे पाचशे रुपये धरले तर हजार पानांचे पाच लाख होतात आणि अडीचशे पानांचे सव्वा लाख. म्हणजे केवळ पाने कमी केल्याने पावणेचार लाख रुपये वाचले. एवढी बचत फुलांत किंवा पत्रिकेत कितीही हात आखडला तरी होणार नाही. परंतु आपल्या घरांतून पाने कमी करण्याचे नाव निघत नाही आणि सनईवाल्याशी मात्र पाचशे रुपयांसाठी तासभर घासाघीस चालते. ज्यांना वधूवरांची नावेही धड ठाऊक नाहीत, अशांना बोलावले नाही तर ते रागावत नाहीत, आणि बोलावले तर फारसे सुखावतही नाहीत. त्यांना लग्नानंतर पेढ्यांसह एक पत्र पाठवावे. जुन्या रीतीत घरोघरी जाऊन अक्षता देण्याची पद्धत होती. ज्यांच्या घरी आपण स्वतः अक्षता घेऊन जाऊ शकतो, त्यांनाच आमंत्रण द्यावे, असा नेम केला तर यादी आपोआप आटोपशीर होईल.

आता वस्त्रांकडे वळू. पैठणी म्हटली की पैठण आणि येवला ही गावे डोळ्यांपुढे येतात. हातमागावर विणलेल्या पैठणीच्या पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते आणि मागे धागे लोंबत नाहीत. यंत्रावरील नकलेत उलट बाजूस सुटे धागे आढळतात. खरी पैठणी विणण्यास कारागिराचे आठवडे किंवा महिने खर्ची पडतात, म्हणून तिची किंमत असते, आणि ती असणे न्याय्यच आहे. तथापि प्रत्येक लग्नात नवी पैठणी घेतलीच पाहिजे, असा दंडक नाही. आजीची, आत्याची अथवा मावशीची पैठणी आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाटात असेल. जुन्या जरीत चांदी असते, म्हणून ती जरीवाल्याकडे वजनावर घालण्याचा मोह होतो. तसे कदापि करू नये. विरलेल्या जागी रफू करून घ्यावे, आतून मऊ सुती अस्तर लावावे, स्वच्छ मलमलीत गुंडाळून ठेवावे आणि दर काही महिन्यांनी घड्या बदलाव्यात, म्हणजे जर घडीवर तुटत नाही. मुहूर्तापुरती जुनी पैठणी आणि बाकीच्या विधींसाठी सुती इरकल किंवा खणाची चोळी, अशी योजना शोभूनही दिसते आणि खिशासही परवडते. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. ते नेसविण्याची कला घरातील वडील बायका जाणतात. शिवलेली नऊवारी घालून तयार होण्यात सोय असेल. परंतु काकू-मावश्यांनी वधूभोवती बसून निऱ्या घालून देण्यात जी माया आहे, ती त्यात नाही, आणि तिला मजुरीही पडत नाही.

दागिन्यांचेही असेच आहे. ठुशी, तन्मणी, चिंचपेटी, बोरमाळ, पुतळ्यांची माळ, पाटल्या, तोडे, वाकी ही नावेच किती गोड आहेत! जुना दागिना मोडून नवा केला की घट सोसावी लागते आणि घडणावळ पुन्हा द्यावी लागते. शिवाय आजीच्या हातची खूण गेली ती गेलीच. मोडण्याऐवजी पटवेकऱ्याकडून तो नव्याने गाठवून घ्यावा आणि सोनाराकडून उजळून घ्यावा. नवे घ्यावयाचे तर हॉलमार्कची खूण पाहूनच घ्यावे. २०२१ च्या जूनपासून ती टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली आहे. ज्या घरी जुने काहीच उरलेले नाही, तेथे मोत्यांची नथ, मुंडावळ्या आणि हिरवा चुडा एवढ्यानेही वधू देखणी दिसते. भाड्याने आणलेल्या खोट्या दागिन्यांच्या ओझ्याची तिला गरज नाही.

मांडवाची खरी शोभा कशात असे? आंब्याच्या डहाळ्या, केळीचे खांब, दारातील रांगोळी, समईचा मंद प्रकाश आणि ऋतूतील फुले यांत. वैशाखात मोगरा आणि हिवाळ्यात शेवंती-झेंडू घ्यावा; ज्या ऋतूत जे फूल मुबलक, ते स्वस्तही असते आणि टवटवीतही. परदेशी फुलांचा हट्ट धरला म्हणजे किंमत चौपट आणि वास मात्र नाही. जुन्या लग्नातील एक सुंदर वस्तू तर आपण जवळजवळ विसरलोच आहो, ती म्हणजे घटिकापात्र. पाण्याने भरलेल्या घंगाळात बुडाशी बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी सोडीत. ती हळूहळू भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटे झाली. दिवसरात्रीच्या अशा साठ घटिका होतात. मुहूर्ताकडे लक्ष ठेवून ते पात्र पाहत बसणारा माणूस आणि भोवती जमलेली मुले, यांच्यापुढे कोणताही विजेचा देखावा फिका पडेल. आणि मुहूर्त साधला तर जुन्या थाटाचा तो पहिला मान! आज मात्र पत्रिकेत मुहूर्त छापावयाचा आणि छायाचित्रकाराने खूण करीपर्यंत अंतरपाट धरून ठेवावयाचा, अशी तऱ्हा दिसते.

वाद्यांच्या बाबतीत दोन सनया आणि एक चौघडा पुरे. ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकास मज्जाव आहे. परंतु नियम नसता तरी वृद्ध आणि तान्ही मुले ज्या समारंभाला येतात, तेथे छाती दडपविणारे आवाज शोभत नाहीत. सनईवादक हा पिढ्यान्‌पिढ्यांचा कलावंत आहे. त्याला मोबदला देताना हात आखडू नये आणि त्याला पंगतीत मानाने बसवावे.

मंगलाष्टकांविषयी आम्हांस विशेष सांगावयाचे आहे. पूर्वी घरातील कोणी आत्या, कोणी काका स्वतः मंगलाष्टके रचीत. शार्दूलविक्रीडित वृत्ताच्या ओळीत एकोणीस अक्षरे असतात आणि बाराव्या अक्षरावर यती येतो. एवढे ध्यानात ठेवले आणि चार-सहा दिवस गुणगुणले की हात बसतो. दोन्ही कुळांची नावे, गावची नदी, दिवंगत आजोबांची आठवण हे सारे त्यात गुंफता येते. जोतीराव फुले यांनी १८७३ साली स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाने पुरोहितावाचून साधे विवाह लावले; त्यासाठी जोतीरावांनी मंगलाष्टके रचली आणि १८८७ साली पूजाविधीसह ती प्रसिद्ध केली. त्यांत वधू आणि वर एकमेकांस वचने देतात. विधी साधा असूनही तो किती अर्थपूर्ण होऊ शकतो, याचा हा आपल्याच भूमीतील दाखला आहे. ज्यांना वैदिक विधी हवा त्यांनी तो करावा. मात्र गुरुजींना प्रत्येक मंत्राचा अर्थ मराठीत सांगण्याची विनंती अवश्य करावी.

पत्रिका एका रंगात, हळदीच्या वर्णाच्या कागदावर, सुबक देवनागरी अक्षरांत छापावी. वडील मंडळींपुरत्या थोड्या प्रती पुरतात. बाकीच्यांना तिचेच चित्र भ्रमणध्वनीवर पाठविता येते. रुखवतात विकतच्या वस्तू मांडण्यापेक्षा घरच्या बायकांनी केलेले लाडू, पापड-कुरडया, विणकाम आणि भरतकाम मांडावे. छायाचित्रकार एकच असावा, आणि त्याने दोन्ही कुटुंबांचे एक नीटस समूहचित्र घ्यावे. पूर्वीच्या घरांत भिंतीवर लग्नाचे एकच छायाचित्र असे आणि तीन पिढ्या ते पाहत.

आता पंगत. जुन्या लग्नाची आठवण काढणारा माणूस शेवटी जेवणावरच येतो. पानाच्या डाव्या बाजूस मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे अळूची भाजी आणि बटाट्याची भाजी. मध्ये साधा वरणभात, त्यावर तुपाची धार. मग मसालेभात, जिलबी आणि शेवटी मठ्ठा. या पंगतीत पदार्थ दहा-बाराच असतात. पण प्रत्येक पदार्थ माणसापुढे येतो आणि आग्रहाने वाढला जातो. उलट आजच्या मांडलेल्या जेवणात चाळीस पदार्थ असतात आणि माणूस हातात ताटली घेऊन रांगेत उभा असतो. शंभर पानांना दोन्ही भात मिळून साधारणतः दहा-बारा किलो तांदूळ लागतो. पानामागे पाव लिटर मठ्ठा धरला तर पंचवीस लिटर होतो. असा हिशेब आचाऱ्याजवळ बसून आधी करावा, म्हणजे अन्न वाया जात नाही. केळीची पाने किंवा पळसाच्या पत्रावळी वापराव्यात, म्हणजे मागे प्लॅस्टिकचा ढीग राहत नाही. आचारी अवश्य नेमावा. परंतु वाढावयास भाचे, पुतणे, मित्रमंडळी यांनी कंबर कसावी. ज्या मुलाने एका लग्नात पंगत वाढली, त्याला साऱ्या नातेवाइकांची ओळख होते.

येथवर आम्ही जुने काय घ्यावे ते सांगितले. परंतु जुन्या लग्नातील सर्वच उचलावयाचे नसते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पैठणी घ्यावी, हुंडा घेऊ नये. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ साली झाला. त्याप्रमाणे हुंडा देणे आणि घेणे हे दोन्ही गुन्हे आहेत आणि शिक्षा किमान पाच वर्षांच्या कैदेची आहे. आपल्यात आता कोणी 'हुंडा' हा शब्द उच्चारीत नाही. 'मुलीच्या हौसेसाठी', 'आमच्याकडची रीत म्हणून', 'लग्न तुमच्या थाटाने करून द्या' असे शब्द वापरले जातात. शब्द बदलल्याने वस्तू बदलत नाही. जुन्या थाटाचे लग्न हवे असलेल्या वरपक्षाने त्या थाटाचा निम्मा खर्च उचलावा, आणि ही गोष्ट यादीवर लिहून ठेवावी.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. ज्या मातेने पती निवर्तल्यावर कष्ट करून मुलीला वाढविले, तिलाच मुलीच्या हळदीला दूर बसावयास सांगणारी रूढी आपल्या कित्येक घरांत अजून जिवंत आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने २०२२ च्या मे महिन्यात विधवांसंबंधीच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. एका गावाला जे जमले, ते आपल्या सुशिक्षित ज्ञातीला जमू नये काय? मुलीच्या कपाळी पहिली हळद तिच्या आईनेच लावावी, मग ती सौभाग्यवती असो वा नसो. याला एक पैसाही लागत नाही, आणि मांडवाला याहून मोठी शोभा आम्हांस तरी ठाऊक नाही.

कायद्याच्या दृष्टीने विवाहाला काय लागते, हेही पाहावे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढीचे विधी यथासांग झाले पाहिजेत. त्यात सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो. सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ साली एका निर्णयात बजावले आहे की, विवाह हा गाण्या-नाचण्याचा किंवा खाण्यापिण्याचा प्रसंग नव्हे, तो एक गंभीर संस्कार आहे. अग्नी, साक्षीदार, सात पावले आणि त्यानंतर नोंदणी कार्यालयातील नोंद, एवढे झाले की लग्न झाले. बाकीचे सारे आपल्या हौसेचे आहे, आणि हौस ऐपतीत बसवावयाची असते.

शेवटी मंडळापुढे आमची एक सूचना आहे. मंडळाने एक विवाहसाहित्य-भांडार उघडावे. त्यात पितळी समया, घंगाळे, घटिकापात्र, चौरंग, पाट, अंतरपाट, मोत्यांच्या मुंडावळ्या, शेले आणि दोन-चार चांगल्या पैठण्या असाव्यात. ज्यांच्या घरी या वस्तू पडून आहेत त्यांनी त्या द्याव्यात आणि ज्याच्या घरी कार्य असेल त्याने केवळ धुलाई-दुरुस्तीपुरती वर्गणी देऊन त्या न्याव्यात. नोंदवहीत कोणी काय नेले याची नोंद राहील. पण ती स्मरणिकेत छापली जाऊ नये. या भांडाराचा पहिला उपयोग आपल्यातील सधन कुटुंबांनी करावा, अशी आमची त्यांना हात जोडून विनंती आहे. भांडारातील पैठणी केवळ गरजूची मुलगी नेसली, तर ती मदत ठरेल आणि तिची मान खाली जाईल. तीच पैठणी आधी कारखानदाराची मुलगी नेसली, तर ती ज्ञातीची रीत ठरेल. खर्चाची चढाओढ वरच्या पायरीवर सुरू होते. ती थांबवावयाची तर तेथेच थांबविली पाहिजे.

बोहल्यावर उभ्या राहणाऱ्यांना आपले पूर्वज 'सावधान' असे बजावीत आले आहेत. ती सूचना वधूवरांइतकीच त्यांच्या आईबापांनाही लागू आहे, असे आम्ही समजतो. येत्या लग्नसराईत आपल्या ज्ञातीतील निदान पाच-दहा लग्ने या रीतीने पार पडली आणि पुढील वर्षीच्या संमेलनात त्यांचे हिशेब सर्वांपुढे मांडता आले, तर आजचे बोलणे सार्थकी लागले असे आम्हांस वाटेल.